मशीन नंतर, आधी पाइप

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कार्पेट धुण्याचा धंदा करतो म्हटलं, की पुण्यातले नातेवाईक विचारतात, "म्हणजे आपल्याकडे सोफा साफ करायला येतात तसं?" तसं नाही. तिकडे माणूस स्कूटरला छोटं मशीन बांधून येतो, घरातल्या प्लगला जोडतो आणि मशीन सोबत ओढत खोलीभर फिरतो. इथे घरंच्या घरं भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेटची. त्यामुळे मशीन व्हॅनमध्ये पक्कं बसवलेलं असतं, ते खाली उतरतच नाही. पाणी तापवणं, दाबाने ढकलणं, घाण पाणी ओढून टाकीत भरणं, सगळं व्हॅनमध्ये, रस्त्याच्या कडेला. घरात जातात ते पाइप आणि त्यांच्या टोकाला लावलेला वँड, म्हणजे कार्पेटवर फिरवायचा दांडा. लोक याला 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात, पण वाफेचा संबंध नाही. गरम पाणी मारायचं आणि लगेच ओढून घ्यायचं.

या धंद्यात येऊ पाहणारी आपली बरीच मुलं मला फोन करतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न मशीनचा: इंजिन किती हॉर्सपॉवरचं, कुठल्या कंपनीचं, नवं की जुनं. पाइपबद्दल कोणी विचारत नाही. पण दिवसाचा वेळ खातो तो पाइप. कंबर दुखते ती पाइपने. गिऱ्हाइकाच्या भिंतीला काळी रेघ उठते ती पाइपची, आणि ऐन थंडीत काम बंद पडतं तेही बहुतेक वेळा पाइपमुळेच. मशीन चांगलं असेल तर उत्तमच. पण व्हॅनचं मागचं दार आणि गिऱ्हाइकाचं पुढचं दार यांच्यामध्ये जे पडलेलं असतं, त्यावर हा धंदा चालतो, असं माझं मत झालं आहे. म्हणून हे पाइपपुराण.

१. जाड्या आणि बारक्या यांचे स्वभाव वेगळे आहेत.

माझ्या व्हॅनवर भाचा मदतीला असतो. दोन पाइपांची ही नावं त्यानेच ठेवली. जाड्या म्हणजे घाण पाणी ओढणारा: प्लॅस्टिकचा, कंगोरेदार, आतून दोन इंची, पन्नास-पन्नास फुटांचे तुकडे एकमेकांना जोडत न्यायचा. बारक्या म्हणजे गरम पाणी नेणारा: आतून पाव इंची, जाळी विणलेला, ३,००० पीएसआयचा दाब झेपणारा. कार्पेटवर प्रत्यक्ष वापरतो तो दाब साधारण ३०० ते ५०० पीएसआय, त्यामुळे बारक्या दाबाने फुटेल ही भीती फारशी नाही. तो मरतो पिळाने आणि घासून. जाड्याला पिळाचं काही वाटत नाही, पण तो चेपला गेला की कामातून गेला.

जाड्याचा शेवटचा तुकडा दीड इंची घेतात, कारण खोलीत वळवायला तो हलका पडतो. ठीक आहे, पण तो जेवढा आखूड ठेवता येईल तेवढा ठेवा. अर्ध्या इंचाचा फरक दिसायला किरकोळ. तोंडाचं क्षेत्रफळ काढा, दोन इंची पाइप दीड इंचीच्या पावणेदोन पटींहून मोठा निघतो. हलकं पडतं म्हणून दीड इंचीचे तुकडे जोडत जाणारे लोक मी पाहतो. मग मशीन ओढत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करतात.

२. बारक्या एक वेढा सरळ, एक वेढा उलटा असा गुंडाळा.

पाइप एकाच दिशेने गुंडाळत गेलं, की दर वेढ्याला त्याला एक पीळ बसतो. दुसऱ्या दिवशी टोक धरून ओढलं, की ते सगळे पीळ एकदम बाहेर येतात आणि गिऱ्हाइकाच्या जिन्यात पाइपची जिलबी होते. उपाय नाटकवाल्या, सिनेमावाल्या पोरांना विचारा, ते माइकच्या वायरी असंच गुंडाळतात. डाव्या हातात वेटोळं धरायचं. उजव्या हाताने पाइप ओढून पहिला वेढा नेहमीसारखा डाव्या हातात द्यायचा. दुसऱ्या वेढ्याला उजवं मनगट उलटं करून, अंगठा आपल्याकडे ठेवून पाइप पकडायचा आणि मनगट सरळ करत वेढा द्यायचा. पुढचा पाइप वेटोळ्याच्या आतल्या बाजूने निघतो. तिसरा पुन्हा सरळ. एका वेढ्याचा पीळ दुसरा वेढा काढून घेतो. सुरुवातीला हात अडखळतो, मग बोलता बोलता जमतं.

फक्त एक जपा: गुंडाळून झाल्यावर मोकळं टोक वेटोळ्यातून आरपार जाऊ देऊ नका. गेलं तर ओढताना ओळीने गाठी पडतात.

आणि कोपर आणि पंजा यांच्यामध्ये, साडी वाळत घालायच्या दोरीसारखा पाइप गुंडाळणाऱ्याला माझ्या व्हॅनला हात लावू देत नाही.

३. जाड्या रिकामा केल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही.

काम संपलं, की बहुतेकांचा हात आधी मशीनच्या बटणाकडे जातो. पन्नास फुटांचा दोन इंची पाइप तोंडापर्यंत भरला तर त्यात आठ गॅलन, म्हणजे तीस लिटर पाणी मावतं. तो इतका कधीच भरलेला नसतो, पण जमिनीवर जिथे जिथे तो झोळ खाऊन पडलेला असतो, तिथे तिथे काळं पाणी साचलेलं असतं. मशीन चालू ठेवायचं, वँड काढायचा, पाइपचं टोक खांद्याइतकं उचलायचं आणि पाइप खांद्यावरून मागे सोडत व्हॅनकडे चालत यायचं. उंचावरचं पाणी पुढे पळतं आणि हवा ते टाकीत नेऊन सोडते. खुळखुळ आवाज थांबला आणि नुसती हवेची शिट्टी ऐकू आली, की पाइप रिकामा. मग बटण.

४. दिवसा टोकाला टोक, रात्री तोंडं उघडी.

एका घरातून दुसऱ्या घरी जाताना गुंडाळलेल्या जाड्याची दोन्ही टोकं एकमेकांत घालून ठेवा. थेंबभर घाण पाणी राहिलंच, तरी ते पाइपातल्या पाइपात फिरत राहतं, व्हॅनच्या तळावर सांडत नाही. संध्याकाळी मात्र उलटं: शेवटच्या घरानंतर बादलीभर स्वच्छ पाणी पाइपातून ओढून घ्यायचं, टोकं सुटी करायची आणि तोंडं खाली करून टांगायची. दिवसाचा नियम रात्रीही पाळला, तर जुलैतल्या सकाळी व्हॅनचं दार उघडताच जो वास येतो, तो कुत्र्यालाही मागे सरायला लावेल. तो वास युनिफॉर्मला चिकटतो. आणि स्वच्छता विकायला आलेल्या माणसाच्या अंगाला कुबट वास येत असला, तर गिऱ्हाईक तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतं.

५. नळाचा पाइप सोवळ्यात.

तिसरा पाइप लोक विसरतात: गिऱ्हाइकाच्या बाहेरच्या नळापासून व्हॅनच्या टाकीपर्यंत जाणारा साधा बागेचा पाइप. यात पिण्याच्या नळाचं पाणी असतं, आणि जाड्यात कुत्र्याच्या मुतापासून बाळाच्या ओकारीपर्यंत सगळं. हे दोघं एका हुकावर, एका बादलीत, एका हातमोज्याने कधीच नाहीत. माझी आजी सोवळ्यातल्या घागरीला जेवढी जपायची, तेवढा मी त्या पाइपला जपतो. त्याचा रंग वेगळा, जागा बाजूच्या दाराशी, टोकाला झाकण. इथल्या घरांच्या बाहेरच्या नळांना पाणी उलटं घरात शिरू नये म्हणून झडप असते, पण ती जुन्या घरांत असतेच असं नाही. म्हणून पाइपचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका. पाण्याच्या वर, हवेत राहू द्या.

६. आधी काय लागतं ते दाराजवळ.

व्हॅनच्या आतल्या मांडणीवर माणसं हमरीतुमरीवर येतात. माझी बाजू सांगतो.

गुंडाळणारं चाक, म्हणजे रील, हवं का? बारक्यासाठी हवंच; वर सांगितलेलं गुंडाळणं रीलवरून काढलेल्या किंवा सुट्या बारक्यासाठी. मागच्या दाराशी बसवलेलं रील, ज्यावर दीडशे फूट पाइप मशीनला जोडलेलाच राहतो. लागेल तेवढा ओढायचा, बाकीचा रीलवरच, तरी त्यातून पाणी चालू. जाड्यासाठी मात्र मी रील घेतलेलं नाही. मोटर लावलेली मोठी रीलं मिळतात, पाठीला आराम देतात, ज्यांची पाठ दुखते त्यांनी जरूर घ्यावीत. पण ती मागची निम्मी जागा खातात. शिवाय रीलवर उरलेल्या प्रत्येक वेढ्यातून हवा गोल फिरून येते, वीस फुटांचं काम असलं तरी सगळा पाइप भरावा लागतो. सुटे तुकडे असले की दोन जोडायचे तर दोनच जोडता येतात.

सुट्या तुकड्यांना टांगायला बारीक हूक लावू नका. त्या एका जागी पाइपचं सगळं वजन येतं आणि उन्हाळ्यात व्हॅन तापली की मऊ पडलेला पाइप तिथेच चपटा होतो. पुढे तो चपटेपणा जात नाही. फळीवर आडवे, एकावर एक ठेवा, किंवा रुंद अर्धगोल आधार करून टांगा. खाली पडलेला तुकडा आठवड्याने वर आणा, म्हणजे चेपण्याचा त्रास सगळ्यांना वाटून जातो. क्रमही ठरलेला हवा: मशीनला लागणारा तुकडा हाताशी, त्यामागे पुढचे, दीड इंची शेवटी. भाचा अंधारातही बरोबर तुकडा उचलतो, आणि नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारून येतं तेव्हा हे कामाला येतं.

ड्रायव्हरच्या सीटमागे पत्र्याची आडभिंत हवीच, यावर वाद नको. टाकीत सत्तर गॅलन घाण पाणी असलं तर त्याचंच वजन २६५ किलोच्या आसपास होतं. अशा व्हॅनला टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या हायवेवर, करकचून ब्रेक लागला की पाण्याबरोबर पाइपही पुढे येऊ पाहतात. पट्ट्याने बांधा.

७. घरात पाइप शिरतो तेव्हा गिऱ्हाईक पाइपकडेच बघत असतं.

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून लांबवतो. तुम्ही कितीही चांगलं धुतलंत, तरी गिऱ्हाइकाला ते अर्ध्या तासाने दिसणार. आधी दिसतं ते हे, की रस्त्यावरून, गवतावरून, कोणाच्या तरी ड्राइव्हवेवरून घासत आलेला पाइप आपल्या घरात येतो आहे. भाच्याचं काम असं: दाराच्या उंबऱ्याशी उभं राहायचं, हातात जुना टर्किश टॉवेल, त्याची मूठ पाइपभोवती, आणि मी आत ओढत जाईन तसा पाइप त्या मुठीतून पुसला जाऊन आत येईल. वेळ काहीच लागत नाही. टॉवेल काळा झालेला गिऱ्हाइकाने पाहिला, की पुढचं बोलणं सोपं जातं.

आत शिरल्यावर भिंतीच्या प्रत्येक बाहेर आलेल्या कोपऱ्याला गार्ड लावायचा. पाइप कोपऱ्यावर ताणला गेला की रंगावर काळपट पट्टा उठतो. तो रबर-प्लॅस्टिकचा डाग सहज जात नाही, आणि पुसायला गेलं तर रंगच निघतो. गार्ड विकत मिळतात, पण कोपऱ्याला उभा टेकवलेला जाड फोमचा तुकडाही चालतो. काम सगळ्यात लांबच्या खोलीपासून सुरू करून दाराकडे मागे यायचं, म्हणजे धुतलेल्या जागेवरून पाइप ओढावा लागत नाही. वळताना पाइपचा फास कुठे पडतो आहे ते मागे वळून बघत राहायचं; कोपऱ्यातली फुलदाणी, पाळण्याचा पाय, देवघराचा चौरंग, पाइप कशातही अडकतो आणि माणूस पुढे ओढतच राहतो.

बारक्याची वेगळी काळजी. मशीनपाशी पाणी २०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ९३ सेल्सिअसच्या पुढे असतं. एवढा तापलेला पाइप विनाइलच्या किंवा पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर पडून राहिला तर ठसा उमटतो. उघड्या फरशीवर खाली टॉवेलची पट्टी टाका, किंवा पाइपवर कापडी खोळ चढवा. रांगतं मूल असलेल्या घरात खोळ सक्तीचीच समजा.

दार अर्धवट उघडं राहतं हे विसरू नका. पाइप आत असेपर्यंत दार लागत नाही. त्यातून उन्हाळ्यात एसी जातो, हिवाळ्यात हीटिंग जातं आणि बारा महिने मांजर जातं. घरात मांजर आहे का, हे मी पत्ता विचारतानाच विचारतो.

आणि दिवाळी. ओक ट्री रोडच्या आसपासच्या आपल्या लोकांच्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या आठवड्यात आमच्यासारख्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. सगळ्यांना सण यायच्या आत कार्पेट धुऊन हवं, आणि आम्ही येतो त्याच सकाळी पायरीवर रांगोळी घातलेली असते. एका घरी पाइप खांद्यावर घेऊन मी दाराशी पोचलो, तर आतून आजींचा आवाज आला, "अहो दादा, थांबा! तीन तास वाकून काढलीय ती." आता दिवाळीच्या कामाला निघताना फोनवरच विचारून घेतो: पायरीवर काही काढलंय का, नसेल तर आम्ही जाईपर्यंत काढू नका, असेल तर गॅरेजमधून वाट आहे का.

८. मागचं घर बारक्यात शिल्लक असतं.

दीडशे फूट पाव इंची पाइपात जवळजवळ दीड लिटर पाणी राहतं. दिसायला थोडं, पण मशीनमधून साबण सोडला असेल तर ते दीड लिटर मागच्या घराच्या साबणाचं असतं. पुढच्या घरी वँडचा खटका दाबला, की आधी तेच बाहेर येतं. सिंथेटिक कार्पेटवर फारसं बिघडत नाही. लोकरीचा गालिचा असेल तर जोरकस अल्कलीचा पहिलाच फवारा त्याला नको असतो.

आणि हळद. आपल्या लोकांच्या घरी जेवणाच्या टेबलाखाली हळदीचा डाग हा असायचाच. पिवळ्या डागावर अल्कली पडली की तो डाग बघता बघता लाल होतो आणि गिऱ्हाईक घाबरतं: पिवळं घालवायला बोलावलं होतं, यांनी लाल केलं! घाबरण्यासारखं काही नसतं. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे आपल्या आयांना माहीत होतं, तेच इथे कार्पेटवर होतं. आम्लाचं पाणी मारलं की लाली उतरते. पिवळेपणाचं उरलेलं काम बरंचसं ऊन करतं, म्हणून खिडकीचे पडदे काही दिवस उघडे ठेवा असं मी सांगून निघतो. पण हे नाट्य मुळात टाळता येतं. घरात शिरण्याआधी वँडचा खटका बादलीवर दाबून धरायचा, साबणाचं बटण बंद, साधं पाणी चालू, गरम पाणी येईपर्यंत. थंड पाणी आणि मागच्या घराचा साबण दोन्ही बादलीत जातात. त्या बादलीतलं पाणी मग जाड्यानेच ओढून टाकीत घ्यायचं.

९. तुंबलं की गेज बघा, मग उलटा लावा.

ओढ कमी झाली की आधी मशीनवरचा, ओढ दाखवणारा गेज. वँड कार्पेटला नीट टेकवलेला असताना गेज पडलेला असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे: कफ (पाइपच्या टोकाची जोडणी) सैल झालेला, पाइपला चीर, टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही. गेज चढलेला आणि तरी वँडला ओढ नाही, तर पाइप तुंबला आहे. व्हॅनपासून सुरुवात करा. एकेक जोड सोडवून तोंडावर तळहात धरा. जिथे ओढ संपते, त्याच्या अलीकडचा तुकडा तुंबलेला. तो तुकडा काढून उलटा लावायचा, म्हणजे जे टोक वँडकडे होतं ते मशीनकडे. बोळा ज्या वाटेने आला त्याच वाटेने सुटून जातो. काठी खुपसायला जाऊ नका, बोळा आणखी घट्ट बसतो आणि पाइपला भोक पडतं ते वेगळंच.

बोळा असतो कार्पेटच्या तंतूंचा आणि कुत्र्याच्या केसांचा, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका आडव्या बसलेल्या वस्तूने होते: केसांची पिन, टूथपिक, लेगोचा ठोकळा. आणि ती अडकते जोडापाशी, कारण आतून बसणारे जोड पाइपापेक्षा अरुंद असतात. म्हणून जोड जितके कमी तितकं बरं, आणि वँड फिरवण्याआधी साधा व्हॅक्युम मारायचा कंटाळा नको.

१०. थंडी.

जानेवारीत इथे रात्री पारा शून्याखाली असतोच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि पितळेच्या जोडात, पंपात, पाणी तापवणाऱ्या नळ्यांत राहिलेल्या चमचाभर पाण्याला तेवढं पुरतं. मशीनचं पाणी काढून त्यात अँटिफ्रीझ फिरवतात, हे सगळे करतात. बारक्यातून मात्र पुष्कळ जण अँटिफ्रीझ फिरवत नाहीत. मग सकाळी मशीन ठणठणीत, पण पाइपात दीडशे फूट बर्फाची काडी. ती वितळेपर्यंत पहिलं गिऱ्हाईक दारात घड्याळ बघत उभं. कॉम्प्रेसरची हवा मारून बारक्या कोरडा करा, किंवा रात्री रीलवरून काढून घरात आणून ठेवा. माझा तळघरात झोपतो. बायकोला ते आवडत नाही.

जाड्या थंडीत ताठ होतो. गुंडाळलेला असतो तसाच गोल राहू पाहतो, आणि जोराने सरळ करायला गेलं की कफापाशी तडकतो. त्याच्याशी झोंबू नका. मशीन चालू करून त्यातून आत हवा ओढू द्या, टोक गिऱ्हाइकाच्या उबदार घरात ठेवून. घरातली गरम हवा पाइपभर फिरली की पाच-दहा मिनिटांत तो ऐकू लागतो.

आणखी एक, जे भांडणाचं मूळ ठरू शकतं. बाहेरच्या नळाला पाइप लावून टाकी भरली, की तो ताबडतोब काढा. थंडीसाठी बनवलेल्या नळांची झडप भिंतीच्या आत, उबेत असते; नळ बंद केल्यावर पुढच्या नळीतलं पाणी गळून जावं अशी त्याची रचना असते. पाइप लावलेला राहिला तर ते पाणी गळत नाही, भिंतीत गोठतं आणि नळी फुटते. ते कळतं मार्चमध्ये, तळघर ओलं झाल्यावर. मग त्या नळाला शेवटचं कोण लागलं होतं, याची आठवण सगळ्यांना येते. मी हिवाळ्यात पाणी स्वतःच्या टाकीत भरूनच नेतो, आणि नळ वापरावाच लागला तर पाइप काढलेल्या नळाचा फोटो काढतो.

११. वरच्या मजल्यावर पाण्याला हवा हवी.

जर्सी सिटीच्या उंच इमारतींत व्हॅनचा पाइप पोचत नाही, तिथे छोटं मशीन उचलून न्यायचं. प्रश्न असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचा. तिथून घाण पाणी खाली यायचं म्हणजे सोपंच, पण तळघर धुताना ते वर चढायचं असतं, आणि वरच्या मजल्यावरूनही पाइप गॅलरीच्या कठड्यावरून चढून येतो. गेजवर १४ इंच पारा दिसत असेल, तर तेवढी ओढ पाण्याचा सलग स्तंभ सोळा फुटांपर्यंतच उचलू शकते. तरी काम होतं, कारण पाइपात सलग पाणी नसतं. हवेच्या झोताबरोबर पाण्याचे तुटक गोळे जात असतात. म्हणून वँड सारखा दाबून धरू नका. दोन-तीन ओढींनंतर क्षणभर उचला, हवा जाऊ द्या.

कठड्यावरून पाइप सोडताना त्याचं वजन कफावर लटकू देऊ नका. कठड्याला दोरी बांधून पाइप मधेच बांधून टाका, आणि कठड्यावर टॉवेल.

१२. पाइप आखूड पडतो म्हणून व्हॅन आत घेऊ नका.

गिऱ्हाईक आग्रह करतं, विशेषतः पावसात: "गॅरेजमध्ये घ्या ना!" इंजिन चालू आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. व्हॅन बाहेर, धुराचं तोंड दारा-खिडक्यांपासून लांब, आणि त्यासाठी जास्तीचा एक तुकडा व्हॅनमध्ये कायम.

१३. घाण पाणी गटारात, पण कुठल्या?

रस्त्याकडेचं जाळीचं गटार पावसाच्या पाण्याचं आहे. ते शुद्धीकरणाला न जाता ओढ्यात आणि इथून रॅरिटन नदीत जातं. तिथे टाकी सोडणं हा १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि शेजारी फोटो काढायला तयारच असतात. सांडपाण्याच्या गटारात, जिथे सोडायची परवानगी आहे तिथेच. त्यासाठी वेगळा पाइप ठेवा, त्यावर रंगाची पट्टी ओढा, आणि तो कुठल्याही कारणाने दुसऱ्या कामाला वापरू नका.

१४. जुनी व्हॅन घेताना पाइप काढायला लावा.

मी ज्याच्याकडे आधी कामाला होतो, त्याच्याकडे मशीनवर कर्ज होतं आणि पाइप चिकटपट्टीवर चालले होते. अशा व्हॅनी विकायला येतात. विकणारा इंजिन चालू करून दाखवतो, गेज दाखवतो, गरम पाण्याची वाफ दाखवतो. बघा, मान डोलवा, आणि मग सांगा, सगळा पाइप बाहेर काढून अंगणात पसरा. कफ किती वेळा कापून पुन्हा बसवलेले आहेत ते मोजा. पन्नास फुटांचा तुकडा चाळीसचा उरलेला असेल तर दहा फूट कुठे गेले ते कळतं. पाइपवरून हाताने दाबत चाला, चपटा भाग बोटांना लागतो. बारक्याच्या टोकाशी वरचं रबर फुगलेलं किंवा आतली जाळी दिसत असेल तर तो फेकायचाच आहे असं धरा. तोंडाला नाक लावा. माणूस पाइप कसा गोळा करतो तेही बघा. कोपराभोवती गुंडाळायला लागला, तर मशीनचं तेल त्याने वेळेवर बदललं असेल यावर विश्वास ठेवू नका. सगळ्या पाइपची नवी किंमत आधी विचारून ठेवलेली असली, की ती किंमत त्याच्या मागणीतून तिथल्या तिथे वजा करून बोलता येतं, आणि बहुतेक जण थोडं कुरकुरून मान्य करतात.